बंद घरांच्या चाव्या आणि सातबाऱ्यावरची नावं: चाकरमान्यांच्या गावात मागे राहणाऱ्यांनी काय करायचं?

पऱ्याकाठची

गौरी-गणपती आटोपले. आठवडाभर गजबजलेली आमची वाडी परवा रात्रीच्या गाड्यांनी रिकामी झाली. ३२ घरांपैकी १९ घरांना पुन्हा कुलूप. (लांजा तालुका. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, इथे सगळे एकमेकांना ओळखतात.)

समोरच्या काकूंच्या पडवीत खुंटीला चाव्यांचा जुडगा असतो. ११ घरांच्या चाव्या. काकूंना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चावीला वेगवेगळ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हिरवी म्हणजे खालचं घर, पिवळी म्हणजे वडाजवळचं, लाल काठाची म्हणजे सुताराचं. श्रावण सरत आला की काकू एकेक घर उघडतात, केर काढतात, कुठलं कौल सरकलंय, कुठल्या वाशाला वाळवी लागलीय ते बघून मुंबईला फोन लावायला मला हाक मारतात. गेली २० वर्षं काकूंचं हे चाललंय. काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यानंतर हा जुडगा माझ्याकडे येणार, हे वाडीने धरूनच चाललंय.

चाव्या सांभाळायला माझी ना नाही. पण घराची चावी माझ्या हातात देणारी माणसं घरामागच्या जमिनीबद्दल मला काहीच ठरवू देत नाहीत, म्हणून हा धागा काढतेय.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते. आमच्या मळ्यात ३० गुंठ्यांचा तुकडा आहे. बचत गटातल्या आम्ही सात जणींनी ठरवलं की भात निघाल्यावर तिथे पावटा, चवळी, मुळा, माठ करायचा. पऱ्याला (ओढ्याला) डिसेंबरपर्यंत पाणी असतं, पंप हवा होता. वीजजोडणीसाठी सहहिस्सेदारांची संमती लागते म्हणाले. सातबारा काढला तर त्यावर २२ नावं. त्यातले ४ जण वारलेले, त्यांची वारस नोंद झालेली नाही. बाकीचे नालासोपारा, दिवा, डोंबिवली, एक जण सुरतेला, दोन नणंदा दापोलीला दिलेल्या. माझ्या नवऱ्याचं नाव त्या २२ मध्ये आहे, तो मुंबईत कुरियरच्या गोदामात कामाला. माझं नाव कुठेच नाही, जमीन मात्र मी कसते. १४ महिने फोन केले. १७ सह्या मिळाल्या. उरलेला एक जण आणि मयतांचे वारस, कुणीच नाही म्हणत नाही. "गणपतीला येतोय, तेव्हा बघू." गणपतीला येतात, आरत्या होतात, पाचवा दिवस उजाडतो.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. शाळेत आधीच्या अशाच आकड्यांचं कौतुक ऐकायचे, की बघा, मुलींचा जिल्हा. आता कळतं की त्यातले बरेचसे पुरुष मुंबईत मोजले गेले होते. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची जवळपास ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली.

शाश्वत विकासावरचं प्रशिक्षण मी तालुक्याला तीनदा घेतलं. त्यात जमीन, पाणी, ऊर्जा, उपजीविका सगळं होतं. सही कुणाची घ्यायची, ते मात्र कुणी शिकवलं नाही. तुमच्याकडे हे कसं सोडवलं? "तरुणांनी गावाकडे परत यावं" हे उत्तर कृपया देऊ नका. ते येणार नाहीत हे धरूनच बोलूया.

नालासोपारा_वेस्ट

ताई, वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मी त्या "गणपतीला बघू" म्हणणाऱ्यांपैकीच एक. वाडी वेगळी असेल, पण मीच तो.

आमचे आजोबा गिरणीत होते. गावच्या मंडळाच्या खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवण खानावळीत. १९८२ चा संप झाला आणि आजोबा गावी परतले. त्यांना वाटलं, आता शेती करू. दोन वर्षांत कळलं की चार खंडी भातावर सहा माणसं जगत नाहीत. मग वडील पुन्हा मुंबईला. आम्ही मजेसाठी गाव सोडलेलं नाही. देवळाचा सभामंडप आम्ही बांधला, स्मशानाची शेड आम्ही बांधली. आजही वाडीत कुणी आजारी पडलं की रात्री अडीच वाजता फोन आम्हालाच येतो.

आता जमिनीचं. भीती वाटते म्हणून देत नाही. आमच्या पणजोबांनी कसायला दिलेला तुकडा कुळाच्या नावावर गेला, हे घरात अजून सांगतात. वडील मरताना म्हणाले होते, पडीक ठेव, पण दुसऱ्याचा नांगर घालू देऊ नकोस. कुळाचंही बरोबर होतं, हे मला आता पटतं, तो राबत होता. तरी भीती जात नाही.

माणगाव_खोरे

ताई, आमच्याकडे पण ह्याच चालू आसा. कुडाळ तालुको. चावयो सांभाळणारी म्हातारी प्रत्येक वाडीत एक आसाच.

आमच्याकडे एक गोष्ट बरी झाली ती सांगतो. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने ह्या भागात गोबर गॅस घरोघरी नेला. आधी वाटायचं हे जुनं खूळ आहे. पण आई एकटी घरी, गॅसचं सिलिंडर संपलं की आणायला घरात पुरुष नाही, सरपणाला रानात जायला गुडघे साथ देत नाहीत. दोन गुरं आहेत, शेण आहे, गॅस झाला. वर स्लरी माडांना. मुद्दा असा की ही गोष्ट बाईच्या अंगणात होते, तिला २२ जणांना विचारावं लागत नाही. अंगणात मावतील अशी कामं आधी करा असं माझं म्हणणं. परसातल्या कोंबड्या, गांडूळखत, आमसुलं, काजूची बी फोडणं.

पऱ्याकाठची

नालासोपारा_वेस्ट, दादा, राग आला तरी इतकं मोकळं लिहिलंत, बरं वाटलं. सभामंडप मुंबईकरांनी बांधला हे आमच्याकडेही खरं आहे, आणि रात्री अडीचचा फोनही. माझी तक्रार तुमच्या मायेबद्दल नाही. सभामंडपासाठी सव्वा महिन्यात पैसे उभे राहिले. विहिरीचा गाळ काढायचा विषय तीन वर्षं मंडळाच्या बैठकीत निघतोय. बैठक मुंबईत होते आणि पाणी आम्ही भरतो, म्हणून असं होत असेल का?

माणगाव_खोरे, अंगणातली कामं करतोच आहोत. गेल्या मे महिन्यात सात जणींनी मिळून आमसुलं घातली. पण बाईने अंगणातच राहायचं आणि मळा पडीक, हे कुठवर चालणार? पाच वर्षं नांगर लागला नाही की मळ्याचे बांध ढासळतात, रान माजतं, रानडुक्कर वस्तीला येतं. मग शेजारच्या कसणाऱ्याचंही भात जातं, आणि पुढच्या वर्षी तोही सोडतो.

हापूसबाग

देवगड. शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत. माकडांचं तर बोलायलाच नको. आमच्या बाजूला दोन बागा मालक मुंबईत म्हणून सोडलेल्या आहेत. सगळे वानर तिथे वस्तीला आणि जेवायला आमच्याकडे.

एक गोष्ट ह्या चर्चेत यायला हवी. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि कातळावर सुरुंग लावून कलमं उभी राहिली. कोकणात त्या योजनेने खरोखर चित्र बदललं. पण बाग लावली ती माणसं पुढे निघून गेली आणि आज रत्नागिरी-देवगडच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी माणूस आहे. माझ्याकडे एक जोडपं सात वर्षं आहे. त्यांच्या गावी त्यांची म्हातारी आई आहे, घराला कुलूप आहे, चावी तिथल्या कुठल्यातरी काकूंकडे आहे. हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा जेवण गेलं नाही. आणि त्यांच्यासाठी आपल्या गावात काय आहे? त्यांच्या मुलाला अंगणवाडीत घालायला मला दोन महिने चकरा माराव्या लागल्या. गावात राहणारा तो गावचा, असं आधी धरायला हवं.

निवृत्त_तलाठी

कुळाच्या भीतीबद्दल थोडं लिहितो, नोकरीतली ३१ वर्षं ह्याच कागदांत गेली.

भीती पोकळ नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला, त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली असं मानलं गेलं. तो विषय तिथेच संपला असं लोकांना वाटतं, पण त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कायद्याने खरेदीचा हक्क दिलेला आहे. त्यामुळे "अर्धेलीने दे, कोण विचारतंय" असं तोंडी सांगणारा सल्ला चुकीचा.

पण कायद्यातच वाट आहे. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जातो, त्यातून तीन जण वगळलेले आहेत. मालकाच्या घरचा माणूस, मजुरीवर ठेवलेला माणूस आणि ताबेगहाणदार. मजुरी रोखीने किंवा वस्तूंत चालते, पिकाच्या वाट्यात चालत नाही. सगळी मेख इथे आहे. आणि सहहिस्सेदार हा स्वतःच मालक असतो, त्याच्या कसण्याने तो दुसऱ्या हिस्सेदाराचा कूळ होत नाही.

ताईंच्या प्रकरणात त्या हिस्सेदाराची पत्नी आहेत, म्हणजे घरच्याच. गटातल्या बाकीच्या सहा जणींनी तिथे रोख मजुरीने काम केलं आणि त्याची वही ठेवली तर २२ पैकी कुणालाही घाबरायचं कारण नाही. हे मालकांना कागदावर लिहून दाखवा.

तीन कामं लगेच करा. पहिलं, चार मयतांची वारस नोंद. ती झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, आणि एक पिढी आणखी थांबलात तर २२ ची ६० नावं होतील. दुसरं, बाहेरच्या हिस्सेदारांकडून गावातल्या एका हिस्सेदाराच्या नावे कुलमुखत्यारपत्र, फक्त वीज, पाणी, पीक नोंद आणि योजनांच्या अर्जापुरतं. विक्रीचा अधिकार त्यात नाही असं ठळक लिहा, लोक सही करतात. तिसरं, लक्ष्मीमुक्ती. १९९२ पासून शासनाचा निर्णय आहे, नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. माझ्या अख्ख्या नोकरीत असे अर्ज बोटांवर मोजण्याइतके आले. बायका विचारायला यायच्या, नवरे सही करायला यायचे नाहीत.

ई-पीक पाहणीचंही लक्षात ठेवा. पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. मुंबईत बसून ते होत नाही, आणि नोंद नसली की जमीन पडीक दिसते.

दुष्काळी_पट्टा

बीड जिल्हा. तुमचा धागा पहिल्यापासून वाचला. आमच्याकडे उलटं आहे म्हणून लिहितो.

तुमच्याकडे पुरुष जातो, बाई राहते. आमच्याकडे दोघंही ऊसतोडीला जातात, कारण मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव उठतं ते चैत्राच्या आसपास परततं. मागे म्हातारे आणि शाळेतली पोरं. हंगामी वसतिगृह चाललं तर पोरं शिकतात, नाही चाललं तर आईबापाबरोबर फडात. मी स्वतः चौथीची सहामाही तीन वर्षं दिलेली नाही.

आमच्या गावात चावी सांभाळायला कुणी नसतं. काही घरांना दारच नाही, कुडाचं झाकण असतं. तरी एक सारखं आहे. गावातली ग्रामसभा होते तेव्हा अर्धं गाव गावात नसतं, आणि पाण्याचं काम कुठे घ्यायचं ते ठरतं ते न गेलेल्यांच्या शेताजवळ. पाणलोटाची कामं झाली, पण गेलेल्याच्या बांधावर नाही झाली. म्हणून त्याला पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं.

अकोळनेर

हिवरे बाजार आमच्यापासून जवळ आहे म्हणून सांगावंसं वाटलं. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गावही पुण्या-मुंबईकडे चाललेलंच होतं. नंतर बरीच कुटुंबं परत आली. लोक बंधारे आणि समतल चर बघून जातात. खरी ताकद नियमांत आहे. शेतीला बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी नाही, मोकाट चराई नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून गावाने मिळून ठरवायचं की ह्या साली कुठलं पीक घ्यायचं. जमिनी प्रत्येकाच्या वेगळ्या राहिल्या, पाण्याचा हिशेब एक झाला.

पऱ्याकाठची

अकोळनेर, मी हिवरे बाजार पाहिलंय, गटाची सहल होती. तुमच्याकडे पाऊस कमी, म्हणून प्रत्येकाला थेंबाची किंमत ठाऊक. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जांभ्यातून झिरपून, पऱ्यातून धावून समुद्राला मिळतो. चार महिने पाण्याचा इतका आवाज असतो की मे महिन्यात टँकर येईल असं सांगितलं तर नवीन माणसाला खरं वाटणार नाही. आणि टँकर येतो नेमका तेव्हाच, जेव्हा मुंबईकर सुट्टीला आलेले असतात. नळयोजना माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने होते, ती माणसं कायमची राहणारी धरून. मे महिन्यात वाडी दुप्पट होते आणि विहिरीचा तळ दिसतो. आपापसात भांडणं होतात ती ह्याच पंधरवड्यात.

दुष्काळी_पट्टा, तुमचं ग्रामसभेचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. आमच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ह्यातल्या फक्त १ मेला चाकरमानी गावात असतो, आणि नेमकी तीच सभा लग्नसराईत कोरमअभावी तहकूब होते. जमीन आणि पाण्याचे विषय येत्या १ मेला घ्यायला सांगणार आहे.

तुमची चौथी राहून गेली, त्याबद्दल काय लिहू कळत नाही. दादा, तुम्ही लिहीत राहा.

दून_खोऱ्यातून

मूळची चिपळूणची, गेली १५ वर्षं देहरादूनला. इथे उत्तराखंडात डोंगरातल्या ओस गावांना लोक "भूतिया गाव" म्हणतात. पौडी आणि अल्मोडा ह्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली, अगदी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखी. फरक इतका की इथल्या सरकारने २०१७ मध्ये पलायनासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि गावनिहाय मोजणी करवली. कोण गेलं, कुठे गेलं, का गेलं. आपल्याकडे चाकरमानी म्हणजे इतकी सवयीची गोष्ट झालीय की त्याची मोजणी करावी असं कुणाला वाटत नाही. तुमच्या ग्रामसंघाने निदान वाडीची यादी करावी. घर, चावी कुणाकडे, जमीन किती, पडीक कधीपासून, सही कुणाची लागते.

किनाऱ्यालगत

मंडणगडच्या वेळासचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांतून राहण्या-जेवणाची सोय झाली. पैसा थेट स्वयंपाकघरात जातो. तुमच्या १९ बंद घरांपैकी दोन-चार चांगल्या स्थितीतली असतील तर मालकाच्या संमतीने काकूंच्या गटाने ती पाहुण्यांसाठी चालवावीत. घर वापरात राहिलं की वाळवीही लागत नाही.

पऱ्याकाठची

किनाऱ्यालगत, विचार चांगला आहे, पण आमच्याकडे ना समुद्र ना कासव, आणि मे महिन्यात पाहुण्याला आंघोळीला पाणी कुठून देऊ? आधी पाणी. घरांचं मनात ठेवते.

*(तीन आठवड्यांनंतर)*

सगळ्यांना कळवायचं होतं. यादी केली, दून_खोऱ्यातून ताईंनी सांगितली तशी. लिहायला मी, सांगायला काकू. त्यांना ११ च नव्हे, ३२ घरांची तीन पिढ्यांची नाती तोंडपाठ आहेत. कुणाची बहीण कुठे दिली, कुणाचा मुलगा कोणत्या साली वारला. तलाठी कार्यालयात जे सापडलं नाही ते काकूंनी चूल फुंकत सांगितलं. चारपैकी तीन मयतांच्या वारसांचे अर्ज गेले. चौथ्याच्या मृत्यूचा दाखला शोधतोय.

तलाठी काकांनी सांगितलं तसं कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वकिलांकडून करून मुंबईच्या मंडळाला पाठवला. विक्रीचा अधिकार नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात. मंडळाच्या बैठकीत नवऱ्याने वाचून दाखवला. दोघांनी तिथल्या तिथे हो म्हटलं, एक जण उठून गेला. आणि लक्ष्मीमुक्तीचा अर्ज त्याने स्वतः भरून पाठवला. फोनवर म्हणाला, "तू कसतेस, मग नाव नको?" सतरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं.

पंपाचं पुढच्या वर्षी बघू. ह्या वर्षी पऱ्यावर वनराई बंधारा (मातीने भरलेल्या गोण्यांचा) घालतोय, पाऊस थांबून धार बारीक झाली की लगेच, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पऱ्या सरकारी, तिथे २२ सह्या लागत नाहीत, ग्रामपंचायतीला पत्र दिलंय. पाणी अडलं की पाटाने मळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात जाईल, विहिरीलाही झिरपेल. ३०० रिकाम्या गोण्या लागतील. गावात ११० जमल्या.

नालासोपारा_वेस्ट

ताई, तुमचा मसुदा मला पाठवाल का? आमच्या सातबाऱ्यावर १४ नावं आहेत. मोठ्या भावाशी काल बोललो, दोन वर्षांनी पहिल्यांदा जमिनीवरून न भांडता.

गोण्यांचं. माझ्या इमारतीशेजारी बांधकाम चालू आहे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या वॉचमन देतोय. दीडशे-पावणेदोनशे होतील. माझी वाडी तुमच्यापासून लांब नाही. दिवा-सावंतवाडी गाडीने विलवड्याला उतरलो तर कुणी रिक्षा पाठवेल का? एक दिवस हातही लावीन.

पऱ्याकाठची

रिक्षा पाठवते, तारीख कळवा. मसुदा आज रात्री पाठवते.

पिशव्या झटकून आणा, आत सिमेंट राहिलं की दमट हवेत गोळा होतो. ज्यांचा तळ फाटलाय त्याही आणा, दुहेरी करून वापरू. दाभण आणि सुतळी इथे आहे. जेवण काकूंकडे, कुळथाची पिठी आणि भात.